अनाशीचं मडकं

वॉटफर्ड
सोमवार, २१ मार्च २००५

प्रिय झकेरिया,

नमस्कार आणि शालोम. दोन्हींतलं जे लवकर पोचेल ते घे.

अनुप म्हणतो, बाबा, आता ईमेल करा. त्याला सांगितलं, मी आणि झकेरियाने मुंबईच्या जीपीओत एका टेबलावर पत्रं लावली, मग तो लंडनला येऊनही तेच करत राहिला. टपालाची पेन्शन खायची आणि ईमेल करायची, म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं झालं.

माझी इथली नोकरी तुला ठाऊकच आहे. नातीला, चैत्रालीला, शाळेतून आणणे आणि बॉयलरवाला आला की दार उघडणे. उरलेला वेळ मी लायब्ररीत बसतो, कारण तिथलं हीटिंग कौन्सिलचं असतं आणि सुमन ‘जरा सरका’ म्हणत नाही. बसल्या बसल्या पुस्तकं चाळतो. त्यातून आता मी विद्वान झालो आहे. हसू नकोस, छापील पुरावा आहे. इथल्या मराठी मंडळाने पाडव्याला, नऊ एप्रिलला, माझं व्याख्यान ठेवलंय: ‘वसंतातील सण : मूळ आणि प्रतीके’. ठरलेल्या वक्त्यांना कांजिण्या झाल्या, हा भाग पत्रिकेत नाही.

विषय मात्र जबरदस्त आहे. ईस्टरचं अंडं, तो ससा, आपली होळी, आपली गुढी, इथला मे महिन्यातला नाचाचा खांब, सगळं एकच. थंडी मेली, पृथ्वी पुन्हा गरोदर राहिली, एवढंच माणूस हजारो वर्षं साजरं करतोय. देवळं आणि चर्चं मागाहून आली आणि जुन्याच सणांवर आपापल्या पाट्या लावून बसली. हॉट क्रॉस बनवरचा क्रॉससुद्धा म्हणे चंद्राच्या चार फाकी आहेत. सुमनला हे सांगितलं तर म्हणाली, मग करपला की अमावास्या समजायची का.

आता कॅलेंडर काढ. येत्या शुक्रवारी, पंचवीस तारखेला, होळी आहे, गुड फ्रायडे आहे आणि तुम्हा ज्यू लोकांचं पुरीमही आहे. तिन्ही एका दिवशी. अशा योगाला वक्ता म्हणून मी सापडावा, हे जगाचं दुर्दैव असेल, पण माझी चंगळ आहे. तुमचे जुने लोक पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणायचे ना? ते सविस्तर लिहून पाठव. तुझं नाव घेईन.

हॅनाला नमस्कार. दिवाळीनंतर तिचा आवाज ऐकला नाही. फोन केला की तूच उचलतोस.

तुझा,
कमलाकर


इल्फर्ड
बुधवार, २३ मार्च २००५

प्रिय कमलाकर,

विद्वान झाल्याबद्दल अभिनंदन. जीपीओत तू सोलापूरची पत्रं सांगलीच्या खणात टाकायचास, तेव्हाच मला वाटलं होतं की हा माणूस पुढे तुलनात्मक अभ्यास करणार.

होळीचं असं आहे. आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले तेव्हा पोथ्या समुद्रात गेल्या, असं आम्ही सांगतो. सणांची नावं विसरली, पण साधारण कधी काय करायचं ते पोटाला आठवत राहिलं. शेजाऱ्याकडे होळी पेटली की आपलाही सण आला, म्हणून त्याला होळीचा सण म्हणायचं आणि पुरणपोळी करायची. ह्यात पृथ्वी कुठे गरोदर राहते ते मला दिसलं नाही. तू दाखवशीलच.

आमच्या घरी मात्र ही नावं चालत नसत. माझे वडील हिब्रू शिकलेले. ते पुरीमला पुरीम म्हणायचे आणि वल्हांडणाला पेसाह. ‘होळीचा सण’ म्हटलं की ते चष्म्यावरून बघायचे. जुनी नावं हॅनाच्या माहेरी होती. पेसाहला ते लोक ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. अनाशी म्हणजे ते आंबट पाण्याचं मडकं, कालवणात घालायला वर्षभर चालू ठेवायचे ते. पेसाहचे आठ दिवस आंबवलेलं काही चालत नाही, म्हणून मडकं ढाकायचं आणि सणाला नाव तेच.

आता माझं एक काम कर. उमरखाडीच्या चाळीत तुझं बिऱ्हाड हॅनाच्या माहेरासमोर होतं, मध्ये फक्त गॅलरी. तिची आई सणाला त्या मडक्याचं नेमकं काय करायची? हॅनाला विचारलं तर ती नीट सांगत नाही. दोन ओळी पुरेत, प्रतीकं नकोत.

हॅना बरी आहे. तिला फोनवर बोलायचा कंटाळा येतो.

तुझा,
झकेरिया


वॉटफर्ड
बुधवार, ३० मार्च २००५

प्रिय झकेरिया,

तू मला काय दिलं आहेस ते तुला कळलेलं नाही. मडकं! अरे, मडकं म्हणजे गर्भाशय. आत आंबणं चालू आहे, म्हणजे जीव धरणं चालू आहे. ते वसंतात आठ दिवस झाकायचं, म्हणजे पृथ्वीमातेचा विटाळ पाळायचा, आणि मग उघडायचं. हे तुमच्या मोझेसच्या आधीचं आहे, आमच्या रामाच्याही आधीचं असेल. मी लायब्ररीतच टाळी वाजवली. समोरच्या बाईंनी शांततेच्या पाटीकडे बोट दाखवलं.

नेमकं काय करायचे म्हणून विचारतोस. मडकं इकडून तिकडे जायचं, असं पुसट काहीतरी आठवतं, पण तपशिलात काय आहे? आशय महत्त्वाचा. हॅनालाच नीट विचार, आणि तिने सांगितलेलं मला कळव, तेवढीच व्याख्यानात भर.

ईस्टरच्या आधी चैत्रालीच्या शाळेत टोप्यांची मिरवणूक होती, पालकांना बोलावलं होतं. मी तिच्या बाईंना म्हटलं की हा ससा चर्चपेक्षा जुना आहे, वसंतदेवीचं वाहन आहे, मुलांना हे कळलं पाहिजे. बाई फार गोड हसल्या आणि त्यांनी माझ्या हातात डिंकाची बाटली आणि कापूस दिला. मी पाऊण तास कागदी सशांना शेपट्या चिकटवल्या. तीस ससे. शेवटचे सहा चांगले जमले.

तुझा,
कमलाकर

ता. क. झकेरियाभावजी, मी सुमन. ह्यांचं पत्र बंद करायच्या आधी वाचलं. तुम्ही साधं काहीतरी विचारलं होतंत, त्याचं उत्तर ह्यात नाही, एवढं मला दिसतंय. मी उमरखाडीत लग्नानंतर आले, तोवर हॅनावहिनींच्या माहेरचे लोक इस्राएलला गेले होते. त्यामुळे मला काही सांगता येत नाही. वहिनींना विचारलं म्हणावं.


इल्फर्ड
सोमवार, ४ एप्रिल २००५

प्रिय कमलाकर,

गर्भाशय पोचलं. आभारी आहे.

मी विचारलं होतं ते पुन्हा विचारतो, परीक्षेला असतं तसं. मडकं कुठे ठेवायचे? माळ्यावर, मोरीत, की घराबाहेर? आतलं ओतून द्यायचे का? तोंडाला काय बांधायचे? ह्यावेळी सण शनिवारी संध्याकाळी लागतो, म्हणून आंबवलेलं सगळं शुक्रवारी, बावीस तारखेलाच बाजूला करावं लागेल. त्याआधी कळायला हवं.

इथल्या एका दुकानातून मातीचं मडकं आणलं. त्यात तांदळाचं धुवण साठवून मी स्वतः अनाशी घातली आहे. सत्तरीला आलेला, आयुष्यात कधी चहाशिवाय काही न केलेला माणूस काय करू शकतो ते पाहायचं तर नाक दाबून इकडे ये. एली येतो तो आधी खिडक्या उघडतो आणि मग मला ‘हॅलो डॅड’ म्हणतो. मडकं मी कपाटात ठेवून पाहिलं, माळ्यावर ठेवून पाहिलं, मागच्या शेडमध्येही ठेवलं. कुठलंच बरोबर नाही.

उत्तर दे. बाकी काही लिहू नकोस.

झकेरिया


वॉटफर्ड
सोमवार, ११ एप्रिल २००५

प्रिय झकेरिया,

तुझा डाव मला उशिरा कळला. मडकं आणतोस, स्वतः प्रयोग करतोस, तारखा सांगतोस, आणि माझ्याकडून फक्त तपशील काढून घेतोस. तुमच्या सिनेगॉगमध्ये तूही ह्याच विषयावर व्याख्यान देणार आहेस, हो की नाही? दे की. पण मित्राला सांगून दिलं असतंस तर बिघडलं नसतं. म्हणून मी गेल्या आठवड्यात मुद्दाम उत्तर लिहिलं नाही.

माझं व्याख्यान झालं. झालं म्हणजे संपलं. चर्चचाच हॉल भाड्याने घेतला होता. सतरा माणसं होती, त्यांतली पाच श्रीखंडासाठी आली होती आणि दोन माझ्या घरची. अनुप मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता, ते मी स्टेजवरून पाहिलं. अंडं, ससा, होळी ठीक गेलं. मडक्यापाशी आलो तेव्हा मी दोन्ही हातांनी पोटाचा आकार करून दाखवला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मुलाचे डोळे झाकले.

हॉल बंद करायला एक इंग्रज म्हातारी किल्ल्या घेऊन मागे बसली होती. सुश्रुत नावाचा एक भला मुलगा तिला हळू आवाजात सगळं इंग्रजीत सांगत होता, हे माझं नशीब. नंतर ती माझ्याकडे आली. पूर्वी इतिहास शिकवायची म्हणे. म्हणाली, ज्या वसंतदेवीवर तुम्ही अर्धा तास बोललात, तिच्याबद्दल आठव्या शतकातल्या एका साधूने फार तर दोन-चार ओळी लिहून ठेवल्यात. ससा आणि अंडी तिला फार नंतरच्या लोकांनी जोडली, बसल्या जागी. मी म्हटलं, मग खरं काय? म्हणाली, खरं कोणाला ठाऊक नाही, ते मोकळं सोडायला काय हरकत आहे. मग विचारते, ते मडकं मात्र छान होतं, ते गर्भाशय आहे असं ज्या बाईचं मडकं होतं तिने तुम्हाला सांगितलं का?

मी म्हटलं, ती बाई वारली. ती म्हणाली, मग तिच्या मुलीला विचारा.

झालं तुझं समाधान? तूही म्हणत होतास, प्रतीकं नकोत. घरी येऊन सुमनने उरलेलं श्रीखंड वाढलं आणि एक शब्द बोलली नाही. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात एवढी शांतता मी ऐकली नव्हती.

तुझा,
(थोडा रागावलेला) कमलाकर


वॉटफर्ड
मंगळवार, १२ एप्रिल २००५

झकेरियाभावजींस, सुमनचा नमस्कार.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. लपवण्यासारखं काही घडलंच नाही कधी.

तुम्ही व्याख्यान देणार नाही, हे मला ठाऊक आहे. हे पुस्तकं वाचतात, मी तुमची पत्रं वाचते. तुम्ही आम्हाला दोनदा विचारलंत की हॅनावहिनींच्या आईने काय केलं. वहिनी घरात असताना माणूस दुसरीकडे कशाला विचारेल? आणि अनाशी तुम्ही स्वतः घातलीत, असं लिहिलंत. वहिनी धडधाकट असत्या तर त्यांनी तुम्हाला त्या मडक्याला हातसुद्धा लावू दिला नसता.

वहिनींना काय झालंय? मला खरं सांगा. ह्यांना काय सांगायचं ते मी बघेन. माणूस वाईट नाही, फक्त काखेत कळसा असून गावाला वळसा घालतो.

तुमची,
सुमन


इल्फर्ड
गुरुवार, १४ एप्रिल २००५

प्रिय सुमनवहिनी आणि कमलाकर,

दोघांनी मिळून वाचा. वहिनींनी लपून लिहिलं म्हणून त्यांना बोलू नकोस कमलाकर, लपवण्यात पहिला नंबर माझा आहे.

हॅनाची आठवण जाते आहे. दोन वर्षं होतील. आधी चाव्या, मग रस्ते, मग माणसं. मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की ते खरं होतं, असं काहीतरी वेडगळ माझ्या डोक्यात होतं. ह्या हिवाळ्यात तिचं इंग्रजी गेलं. तीस वर्षं इथल्या दुकानात इंग्रजीत गिऱ्हाइकं केलेली बाई आता फक्त मराठी बोलते, तेही उमरखाडीचं, मुलीच्या वयातलं. एलीला मराठी येत नाही. ‘ममा, पाणी पाहिजे?’ एवढंच येतं. ती त्याला हॉस्पिटलचा माणूस समजते. मला पोस्टमन समजते. बूट काढून मी घरात का फिरतो, हे तिला कळत नाही, पण ती सभ्य आहे, विचारत नाही.

पुरीमच्या आधीपासून तिने एक धरलंय: ‘सण आला आणि अनाशी अजून घरात.’ काय दिसतं, कशाचा वास येतो, देव जाणे. अनाशी घरात असताना सणाचं जेवण कसं जेवायचं, म्हणून ती ताट सारते. आमच्या घरात अनाशी नव्हतीच, म्हणून मी एक केली, तिच्यासमोर ढाकण्यासाठी. ढाकली. ‘असं नाही.’ माळ्यावर ठेवली, ‘असं नाही.’ तिच्यासमोर ओतून दिली तर रडली, म्हणाली, ‘हे आता कुठून आणू?’ पुन्हा घातली. तीन आठवड्यांत तिचं सहा किलो वजन उतरलंय. डॉक्टर म्हणतात, महिनाअखेरपर्यंत खायला लागली नाही तर हॉस्पिटलात न्यावं लागेल, नळी घालावी लागेल. वहिनी, एकदा नेली की ती परत येणार नाही, हे मला समजतं.

आता माझं सांगतो. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी ती म्हणाली, अनाशी ढाकाचा सण आला. मी हसलो. वडिलांसारखंच चष्म्यावरून बघितलं आणि म्हटलं, हे गावंढळ नाव काय घेतेस, पेसाह म्हण. तिने तेव्हापासून पेसाह म्हटलं. तिच्या घरी काय करायचे ते तिने सांगायला घेतलं होतं, मी ऐकलं नाही. आता ती सगळं विसरली आणि नेमकं तेवढंच उरलंय. मी शिकवलेला शब्द पहिल्या फटक्यात गेला.

तिच्या भावांना तेल अवीवला फोन केला. ते तिच्यापेक्षा लहान, त्यांना आठवत नाही. जिवंत माणसांत समोरच्या बिऱ्हाडातला तूच एक आहेस. दुर्दैव माझं, की तू विद्वान झालास.

आठवेल ते लिही.

झकेरिया


वॉटफर्ड
शनिवार, १६ एप्रिल २००५

झकेरिया,

पत्र काल आलं. सुमनने वाचून दाखवलं, माझा चष्मा शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून. मी काय आहे ते मला सांगू नकोस, कालपासून तेच चाललंय.

उत्तर असं आहे. मडकं आमच्याकडे यायचं.

एवढंच. ते माळ्यावर नव्हतं, मोरीत नव्हतं. तुमच्या सणाच्या आदल्या दिवशी माझी आई हात-पाय धुऊन गॅलरी ओलांडून हॅनाच्या दारात जायची. उंबऱ्याच्या आत पाय टाकायची नाही. हॅनाची आई मडक्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधून तयार असायची. आई म्हणायची, ‘आठ दिवस आमचं.’ मडकं दोन्ही हातांनी घ्यायची आणि मागे न बघता यायची. मग ते आमच्या चुलीमागे बसायचं. आठ दिवस आम्ही त्यातलंच आंबट घालून सार करायचो, रोज थोडं काढून थोडं धुवण घालायचो, नाहीतर मरतं म्हणे. सण संपला की संध्याकाळी आई ते परत नेऊन द्यायची. आपल्या घरात ठेवायचं नाही आणि टाकायचंही नाही, तर ठेवणार कुठे? शेजारी. ह्यात पृथ्वी नाही, देवी नाही, ससा नाही.

आता जे लिहायची लाज वाटते ते लिहितो. मला हे आठवत होतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा पुसट होतं, पण व्याख्यानात हातांनी मडक्याचा आकार केला ना, तेव्हा आई लख्ख दिसली, गॅलरीत, हात असेच धरून. मी ते बाजूला सारलं. गर्भाशयापुढे चुलीमागचं सार फारच किरकोळ वाटलं. सतरा माणसांसमोर मोठं दिसायला मी माझ्या आईला गप्प बसवलं, आणि तिकडे हॅना उपाशी होती.

शुक्रवारी दुपारी येतो. मडकं ताजं ठेव, पांढरं फडकं धुऊन ठेव. ते हॅनाच्या हातात दे आणि तू मागे उभा राहा. काही बोलू नकोस. मीही बोलणार नाही, हे सुमनने माझ्याकडून देवासमोर कबूल करून घेतलंय.

कमलाकर


वॉटफर्ड
शनिवार, २३ एप्रिल २००५

प्रिय झकेरिया,

तू पॅसेजमध्ये मागे होतास, तुला तिचं तोंड दिसलं नसेल, म्हणून लिहितो.

मी दारात उभा राहिलो तेव्हा ती मला ओळखेल असं मला वाटत नव्हतं. अडुसष्ट वर्षांचा टक्कल पडलेला माणूस, अंगात अनुपचं जुनं जॅकेट. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, ‘कमळ्या, तू का आलास? आई कुठाय?’ मला कमळ्या म्हणणारं आता जगात कोणी उरलं नाही, असं मी समजत होतो. मी म्हटलं, आईला ताप आलाय, मला पाठवलंय. ती म्हणाली, ‘हात धुतलेस?’ मी धुतले होते, ट्रेनच्या संडासात, पण धुतले होते. मग तिने मडकं दिलं. फडक्याची गाठ तिने स्वतः पुन्हा आवळली, तू ढिली बांधली होतीस. मी म्हटलं, ‘आठ दिवस आमचं.’ तिचा सगळा चेहरा सैल झाला. मी मागे बघितलं नाही, कारण आई बघत नसे, आणि कारण मला बघवलं नसतं. इल्फर्डच्या प्लॅटफॉर्मवर मी रडलो. लपवत नाही.

पुढचा प्रवास मात्र माझ्या विद्वत्तेला साजेसा झाला. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं मांडीवर घेऊन म्हातारा बसलेला, डोळे लाल. लिव्हरपूल स्ट्रीटला ट्यूबमध्ये चढलो तर लोकांनी उठून जागा दिली. वास आला तसे आणखी चारजण उठले. समोरच्या एका बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, कोण होतं? पत्नी का? माझ्या तोंडून खरं गेलं: नाही, शेजाऱ्यांचं आहे, आठ दिवसांनी परत द्यायचंय. त्या पुढच्या स्टेशनला उतरल्या. प्रतीक कशाला म्हणतात ते मला काल कळलं. बघणारा लावतो, आणि मडकं बिचारं आंबत राहतं.

घरी अनुप म्हणाला, बाबा, हे गॅरेजमध्ये ठेवा. सुमन म्हणाली, गॅरेजमध्ये तू राहा. मडकं स्वयंपाकघरात आहे. रात्री सार केलं. माझ्या आईच्या सारासारखं अजिबात झालं नव्हतं, तरी मी तीन वाट्या प्यायलो. चैत्राली एक घोट पिऊन म्हणाली, ‘आजोबा, हा मडका आपली झाली का?’ मी तिचं व्याकरण सुधारलं नाही. म्हटलं, नाही, आपण फक्त सांभाळतोय.

ती जेवली का, एवढंच कळव. फोन करणार होतो, पण आज तुमचा शब्बाथ, आणि संध्याकाळपासून सण. शिवाय मला भीती वाटते.

कमळ्या


इल्फर्ड
मंगळवार, २६ एप्रिल २००५

प्रिय कमळ्या,

आता आम्हीही हेच नाव वापरू.

तू गेलास त्यानंतरचं सांगतो. ती दारात उभी राहून तू वळेपर्यंत बघत होती. रस्ता तिला दिसत नव्हता, गॅलरी दिसत असणार. मग आत आली, हात धुतले, केस नीट केले आणि म्हणाली, ‘लागला सण.’ सण दुसऱ्या दिवशी लागणार होता. मी त्रेचाळीस वर्षं तिला दुरुस्त करत आलो. ह्यावेळी गप्प बसलो.

एलीच्या बायकोने भात आणि नारळाच्या रसातली मच्छी करून ठेवली होती, रोज करते तशी, रोज परत न्यायची म्हणून. हॅनाने भांड्यावरचं झाकण काढलं आणि स्वतः वाढून घेतलं. जेवली. एली दारात उभा होता. तिने भात संपवून पुन्हा घेतला तेव्हा तो स्वयंपाकघरात निघून गेला, आणि नळ बराच वेळ चालू राहिला. शनिवारी रात्रीही जेवली, रविवारी जेवली, काल जेवली. नर्स म्हणाली, हॉस्पिटलचं आता राहू दे. बाकी काही परत आलेलं नाही. येणारही नाही. ते मी मागत नाही.

एक गोष्ट राहिली. शुक्रवारी ती जेवत असताना मी बाजूला उभा होतो. मध्येच तिने मला पाहिलं आणि म्हणाली, ‘पोस्टमनदादा, बसा. सणाच्या दिवशी आमच्या दारातून कोणी उपाशी जात नाही.’ मी बसलो. तिने मला वाढलं. वर्षभरात मला कोणी वाढलं नव्हतं, मी तिला वाढत होतो. तिने विचारलं, ‘नाव काय तुमचं?’ मी म्हटलं, झकेरिया.

तिने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, ‘समोरच्या कमळ्याचा एक मित्र आहे ह्याच नावाचा. तोही पोस्टातच आहे. मला मागणी घालणार आहे म्हणे. चांगला मुलगा आहे, पण आमच्या सणाला हसतो.’

मी म्हटलं, ‘मी ओळखतो त्याला. तो आता हसत नाही.’

ती म्हणाली, ‘मग बरंय.’ आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

झकेरिया